कुलूप

बद्रीनाथ: पाळकसाहेबांनी धाडलं व्हय तुला?

आसाराम: न्हाई दादा, मीच आलो. उद्या चर्चात पयल्यांदा प्रभुभोजनाची भाकर घेणार हाय. पाळक म्हणले, ज्याचं वाईट केलं त्याच्याकडं आधी जाऊन ये.

बद्रीनाथ: वीस वर्षांत या उंबऱ्याला पाय लावला न्हाईस.

आसाराम: हिंमत कुठं होती? बाप्तिस्मा झाला, देवानं माफ केलं म्हणत्यात. पर तुमची ताराबाई डोळ्यांपुढून हालत न्हाई.

बद्रीनाथ: देवानं केलं आसंल. त्याची बायको न्हवती मेली.

आसाराम: खरंय. बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीच्या विहिरीवर राखण माझी होती. चेअरमननं बजावलं, सभासदांनाच पाणी द्यायचं. ताराबाईनं दोनदा घागर पुढं केली. मी कुलूप काढलं न्हाई.

बद्रीनाथ: मग ती पडक्या बारवंत उतरली अन् पाय घसरला. मला कशाला सांगतो? मीच वर काढली तिला.

आसाराम: तुमाला ठावं न्हाई ते सांगतो. चेअरमन त्या दिवशी नारायणगडाला गेलता. विहिरीवर दुसरं कुणी न्हवतं. दिलं आसतं तर कुणाला कळलंबी नसतं. किल्ली माझ्या कमरंलाच होती, दादा.

बद्रीनाथ: आता सांगतोस.

आसाराम: तुमी माफ न्हाई केलं तर उद्या भाकर घेणार न्हाई. तुमच्यावानीच ऱ्हाईन.

बद्रीनाथ: माझ्यावानी?

आसाराम: तुमी चर्चच्या मंडळीतले वडीलधारे. सगळ्यांपुढं त्या भाकरीचं ताट धरता. सहा महिने बघतोय, सोता तुकडा घेत न्हाई.

बद्रीनाथ: त्या दिवशी पाण्याला जायची पाळी माझी होती. खडी फोडून आलतो, अंग आंबून गेलतं. म्हणलं, आज तूच जा. ती म्हणली, पडा वाईच. वीस वर्षं तुझ्या नावानं बोटं मोडली, आसाराम. तेवढ्यापुरतं माझं मला इसरायला व्हायचं.

आसाराम: तुमचा काय गुन्हा, दादा? कुलूप माझं होतं.

बद्रीनाथ: गप बस. माफ केलं म्हणायला तोंड उघडत न्हाई माझं. लई वाटतं म्हणावं, पर न्हाई निघत.

आसाराम: ऱ्हाऊ द्या. येतो मी.

बद्रीनाथ: उन्हाचा कुठं चाललास? तिथं रांजण हाय, पाणी पी.

आसाराम: तुमच्या घरचं पाणी? कोणत्या तोंडानं पिऊ?

बद्रीनाथ: पी. त्याला कुलूप न्हाई.