मुकादमाची खुर्ची

त्या दिवशी ऊन असं होतं, की कापसाच्या जिनिंगचे पत्रे तडतड वाजत होते. मोताळ्याच्या त्या जिनिंगात मी इंजिनचा मिस्तरी होतो अन् शेठजींनी मला नुकतंच मुकादम केलं होतं. काम एवढंच, की खुर्चीवर बसून दुसऱ्यांवर नजर ठेवायची. तिसऱ्याच दिवशी इंजिनचा आवाज बिघडला, तसा मी उठून पाना हातात घेतला.

शेठजी म्हणाले, "मुकादमानं हात काळे नाही करायचे."

मी म्हटलं, "मंग मले मिस्तरीच राहू द्या. मोठंच कराचं असंन, तं तुमी जे नवं इंजिन आणलं, ते माह्या हाती द्या."

शेठजींनी नव्या इंजिनचं हँडल माझ्यापुढे धरलं.

संध्याकाळी शेजारच्या रहीमला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सोडलीच होती, तं खुर्ची घरी तरी आणाची बे."