हाक न देता चढलेलं विमान

...नाही, पण तुम्हीच मला सांगा, दुसऱ्याच्या घराहून उंच चढायचं तर माणसानं आधी हाक द्यायची की नाही? द्यायचीच! आमच्या सिंधीपुऱ्यात सगळी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं, एकाच्या धाब्यावरून दुसऱ्याचं आंगण दिसतं, आंगणात न्हाणी, न्हाणीला पुरुषभर उंच भिंती आणि वर छप्पर नाही, वर नुसतं आभाळ, आणि आभाळात राहतो देव, त्यानं तर सगळं आधीच बघून ठेवलेलं, त्याची कसली लाज! पण माणसाची लाज असते. म्हणून आमचा कडू, पावसाळ्याआधी धाब्यांवर खारी माती टाकतो तो, शिडीवर पाय ठेवायच्या आधी 'चढतो होऽऽ' अशी आरोळी ठोकतो की पलीकडच्या गल्लीतली म्हैस पान्हा चोरते. मग थांबतो. सगळीकडून 'चढ रे बाबा' आलं की मगच चढतो. एकदा घाईत हाक द्यायला विसरला, तर सोजरकाकूनं खालून भरलेला तांब्या असा फेकला की त्याचा खांदा सुजला, आणि कडूनं हूं की चूं केलं नाही, कारण चूक कुणाची? त्याची! चढायचं तर हाक द्यायची, बस्स.

आता सरकारला हे कुणी सांगायचं? लढाई तिकडे कुठे ब्रह्मदेशात, जपानी तिकडे, आणि सरकारचं विमान फिरतंय कुठे, तर तापीच्या काठानं, नकाशासाठी फोटो काढत! काढा बापडे, नदीचे काढा, केळीच्या बागांचे काढा, केळीला काय नेसायचं असतं? पण नाही...

त्या दिवशी काय झालं, तुम्हाला सांगतो. सोजरकाकू, म्हणजे आमची शेजारीण, पहाटेपासून ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडच, घालत होती. धाब्यावर लुगडी अंथरलेली, त्यावर रांगेनं पांढरे गोल गोल बिबडे, उन्हात नुसते चमकत होते. काम उरकून घामाघूम होऊन बाई खाली आली, न्हाणीत शिरली, डोक्याला शिकेकाई लावली, डोळे गच्च मिटलेले, आणि वर घर्रर्र सुरू झालं. तिला वाटलं, जिनातलं सरकी काढायचं यंत्र आज लवकर चालू झालं. आपल्याकडे घर्रर्र म्हटलं की जिनच आठवणार, दुसरं काय आठवणार? ती आपली निवांत डोकं चोळत बसली. हाक नाही, काही नाही!

काही दिवसांनी दारात डिप्टीसाहेब, मागे कारकून प्रभाकर. साहेब जबलपूरकडचे, चष्मा, हातात हा एवढा फोटो. म्हणे या घराच्या धाब्यावर पांढऱ्या गोलांच्या रांगा दिसतात, हा शत्रूच्या विमानांना इशारा आहे का? आता बोला! यादवकाका, म्हणजे सोजरकाकूचे यजमान, त्यांना तर दरदरून घाम फुटला, त्यांनी आयुष्यात इशारा म्हणून कधी भुवईसुद्धा उचलली नाही, बायको समोर असताना तर मुळीच नाही. काकूनं डबा आणला, चार बिबडे चुलीवर भाजले, साहेबाच्या हातात ठेवले. साहेबानं हुंगले, प्रभाकरकडे बघितलं, प्रभाकरनं आधीच एक तोंडात टाकला होता, मग साहेबानंही खाल्ला. मिटलं प्रकरण! असं आम्हाला वाटलं हो.

पण काकूनं फोटो हातात घेतला. ही आपली गल्ली, हा आपला निंब, हे आपलं धाबं, हे आंगण, बोट सरकत सरकत न्हाणीवर आलं आणि तिथंच थांबलं. भिंतींच्या चौकोनात एक काळा ठिपका. बाई एकदम पांढरीफटक. आणि मग जी लाल झाली...!

दुसऱ्या दिवशी मला म्हणते, "चाल भाऊ, कचेरीत." यादवकाका म्हणाले, जाऊ दे, सरकार मायबाप आहे. तर काकू तिथंच फिरली, "मायबाप असले म्हणून पोरीच्या न्हाणीत डोकावतेत का?" काकांनी जोडे घातले नाहीत, घरीच बसले. मी गेलो. माझं इंग्रजी चौथीपर्यंतचं, पण ते लागलंच नाही, कारण काकूला कुणी थांबवायला हवं होतं, आणि ते मला कुठल्याच भाषेत जमलं नसतं.

कचेरीत तो फोटो साहेबाच्या टेबलावर काचेखाली! पाण्याचा पेलाही त्यावरच ठेवलेला, पेल्याच्या बुडाची ओली कडी बरोबर आमच्या गल्लीवर. म्हणजे येणारा-जाणारा, सही मागणारा, अर्ज देणारा, जो तो आमच्या काकूच्या न्हाणीवर कोपर टेकून उभा. मला सांगा, राग येईल का नाही? मला आला, तुम्हाला सांगतो, माझी बायको नाही, आई नाही, तरी माझी कानशिलं तापली.

काकूनं मागितलं एवढंच, की हा फोटो मला द्या, नाहीतर माझ्यादेखत जाळा. साहेब हसले. हसावं का माणसानं? म्हणाले, "माई, आप तो इसमें राई के दाने बराबर हैं. कोई नहीं पहचानेगा."

"राई असो नाही तं तीळ असो," काकू म्हणाली, "हाय तं मीच ना? मले तं ओळखू येते."

मग साहेबांनी ते सुनावलं, जे सगळे साहेब सुनावतात. ज्यानं काही वावगं केलेलं नाही त्यानं घाबरायचं कशाला? हे वाक्य ऐकलं की मला तर वाटतं, वावगं काही केलं नाही तर बघता कशाला? पण मी मनातच म्हटलं. काकू मनात काही ठेवत नाही.

"साहेब, तुम्ही आंघोय करता, ते काय चोरी करता? मंग दाराले कडी काहून लावता?"

प्रभाकरला एवढा खोकला आला की तो बाहेरच गेला. साहेबांनी चष्मा पुसला. पुसून पुसून म्हणाले, फोटो सरकारी मालकीचा आहे. बस. न्हाणी काकूची, अंग काकूचं, शिकेकाई काकूची, आणि फोटो सरकारचा! आम्ही उन्हातून परत आलो, वाटभर काकू एकच पुटपुटत होती, चढायचं तर हाक द्यायची... कडूले समजते, सरकारले समजत नाही.

पण बाई हार मानणाऱ्यातली नाही. घरी आली, तुरीच्या काड्या, वाळकी केळीची पानं, सुतळी, घेतलं आणि न्हाणीवर छप्पर घातलं. आत अंधार, वैशाखात भट्टी, काकू घामानं आत जायची आणि घामानंच बाहेर यायची. पण समाधानी होती. म्हणायची, आता बघा म्हणावं काय बघायचं ते.

बघितलं ना त्यांनी! विमान पुन्हा आलं, पुन्हा हाक नाही, आणि पुन्हा दारात साहेब. दोन फोटो शेजारी शेजारी धरलेले. आधी इथं उघडं होतं, आता झाकलेलं आहे. साहेबांचा चेहरा गंभीर, या खेपेला बिबडासुद्धा नको म्हणाले. "क्या छुपाया है इसके नीचे?"

"मले," काकू म्हणाली.

तुम्हाला सांगतो, एवढं खरं उत्तर त्या माणसाला अख्ख्या नोकरीत मिळालं नसेल, पण त्याच्याकडे लिहायला रकाना नव्हता. लढाईच्या दिवसांत परवानगीशिवाय आच्छादन नको, असा हुकूम निघाला. छप्पर उतरवायला बोलावलं कुणाला, तर कडूला. तो बिचारा शिडीपाशी येऊन 'चढतो होऽऽ' म्हणाला आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला. साहेब म्हणाले, चढ. कडू हलेना. म्हणाला, तुम्ही नाही, बाईनं म्हटलं पायजे. शेवटी काकूनंच म्हटलं, "चढ रे बाबा." इतक्या हळू, की तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून काकू आंघोळीला राजघाटावर जाते. होय, उघड्या नदीवर! मी म्हटलं, काकू, तिथं तर अख्खं गाव असतं. तर म्हणाली, "असू दे ना. गडी पाठ फिरवून बसतेत. आन् वरून पाह्यलंच, तं शंभर बायांत सोजर कोनती, शोधत बसा म्हना." आता तिच्या मागं मागं आमच्या गल्लीतल्या सगळ्याच निघाल्यात, माझी बायकोसुद्धा. चार भिंतींच्या न्हाण्या घरोघर कोरड्या पडल्यात, आणि एकांत हवा म्हणून बाया गर्दीत जातात. काढा म्हणावं आता... काढा फोटो. रिकाम्या न्हाण्यांचे.