मला कातडं ओळखता येत नव्हतं

आम्ही मूळचे बार्शीकडचे, म्हणजे गाव तिकडचं, पण मला विचाराल तर मी गोवंडीचाच, कारण गाव सोडलं तेव्हा मी आईच्या कडेवर होतो आणि गावातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. गावात माझं नाव दगडू होतं, इथं शाळेत घालताना आबांनी अशोक लिहिलं. आबा म्हणजे माझे वडील. गावात आमच्या वाट्याला काय काम होतं ते तुम्हाला माहीतच असेल, कुणाचं ढोर मेलं की सांगावा यायचा, मग ते ओढून न्यायचं, सोलायचं, कातडं मिठात घालायचं, तेल पाजून मऊ करायचं, आणि हे सगळं आबांनी आठव्या-नवव्या वर्षापासून केलेलं. मग धर्म बदलला, दीक्षा घेतली, आणि त्याच आठवड्यात आबांनी घरातली सुरी नदीच्या डोहात टाकली आणि आईला म्हणाले, आता ह्या हातानं कातड्याला शिवायचं न्हाई. आणि नाहीच शिवले हो. पायात चप्पल रबराची, कमरेला पट्टा कधी नाही, घड्याळ घेतलं तर दुकानातच पट्टा काढायला लावून नुसतं घड्याळ खिशात ठेवायचे. घाटकोपरला लाकडाच्या वखारीत ओझी उचलली, खांदा कामातून गेला, पण ते काम बरं, ते म्हणायचे.

घरात त्या जुन्या कामाचं नाव काढायचं नाही. मी लहानपणी विचारायचो, आबा, कातडं कसं सोलतात, तर एक फटका बसायचा. आणि रविवारी विहारात चार माणसं जमली की आबा मोठ्या तोऱ्यात सांगायचे, माझ्या पोराला कातडं कुठलं आन रेक्झिन कुठलं ते बी कळत न्हाई. लोक हसायचे, आबा खूश. मलापण बरं वाटायचं, आपण काहीतरी कमावलंय असं. आणि ते खरंच होतं, मला नव्हतंच कळत. तिथंच तर माझी वाट लागली ना.

मॅट्रिकला दोनदा बसलो, नाही झालो. मग मरोळला इंडस्ट्रीत एका कारखान्यात लागलो, पितळेचे नळ बनवायचे तिथं. लागलो म्हणजे टेंपरवारी, झाडू मार, खोकी उचल, साहेबांच्या गाड्या पूस. पण माझं लक्ष सगळं लेथ मशीनवर. जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवायचो आणि लेथवरच्या माणसाशेजारी जाऊन उभा राहायचो. तो चांगला होता, दोन वर्षांत त्यानं मला जॉब बांधायला शिकवलं, आटे पाडायला शिकवलं, म्हणायचा तुझा हात बसलाय रे, आता फक्त साहेबाची सही पाहिजे. मी घरी येऊन आबांना सांगायचो, यंदा मशीनवर घेणार. आबा विचारायचे, खाकी कपडे देत्यात का मशीनवाल्यांना, मी म्हणायचो हो, नंबराचा बिल्लापण देतात. तेवढं ऐकायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. माझं लग्न झालं, शांता आली, मुलगी झाली, तरी रोज तेच, कधी घेणार रं मशीनवर.

आणि त्याच वर्षी शेठची ती गाडी आली. शेठ पार्ल्याला राहायचे, त्यांचा भाऊ दुबईला, त्यानं पाठवलेली परदेशी गाडी. काय सांगू तुम्हाला, आत डोकावलो तर मला कळेचना कुठं हात लावायचा. छताला मऊ कापड, खाली गालिचा, समोर लाकडाची चकचकीत पट्टी, दाराला आतून रेक्झिन, आणि सीटा मधाच्या रंगाच्या. आमच्या कारखान्यातल्या बाकीच्या गाड्यांना सगळं रेक्झिन, बादलीभर पावडरचं पाणी घ्यायचं, काथ्याचा ब्रश मारायचा, दारं उघडून उन्हात वाळवायचं, झकास. ही गाडी पण माझ्याकडेच दिली, कारण गाड्या मी पुसत होतो. मी कापडाला पाणी लावलं नाही, लाकडाला सुकं फडकं मारलं, एवढी अक्कल मला होती. पण सीटा मला रेक्झिनच वाटल्या. भारी रेक्झिन असेल, दुबईचं, असं वाटलं.

शिमग्याच्या सुमाराला शेठ पंधरा दिवसांसाठी बाहेरदेशी गेले, गाडी कारखान्याच्या आवारात उभी. त्यांचा ड्रायव्हर सावंत, मालवणकडचा, तोपण शिमग्याला गावी गेला. मला वाटलं ही संधी आहे, शेठ आले की गाडी आतून अशी दिसली पाहिजे की मशीनच्या लिस्टात माझं नाव आपोआप जाईल. म्हणून मी रोज, म्हणजे अक्षरशः रोज, गरम पाणी, धुण्याची पावडर, ब्रश, घासायचो आणि चारी दारं उघडून टळटळीत उन्हात ठेवायचो. दोन दिवसांत सीटा फिक्या पडल्या, मी म्हटलं मळ निघतोय. चार दिवसांत कडक झाल्या. म्हटलं पावडर कमी पडली असेल, अजून घासलं. सातव्या दिवशी सावंत आला, दार उघडलं, सीटवर हात फिरवला आणि माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, अरे मेल्या, ह्या रेक्झिन न्हय, ह्या चामडा आसा. मी बसून पाहिलं तर पुढच्या कडेला बारीक बारीक भेगा, उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा. सावंत म्हणाला शेठ येऊक आठ दिवस आसत, तुका कोण ओळखीचो मोची आसा काय. माझ्या घरात कोण बसलंय ते मी त्याला सांगू शकत नव्हतो.

एक मोची गाठला मी, अंधेरीला. तो म्हणाला हे बुटाचं काम नाही, पॉलिश मारलं तर शेठचे कपडे रंगतील, मी हात लावणार नाही. मग राहिलं कोण. नोकरी गेली तर मशीन गेलं, मशीन गेलं तर आबा भिंतीला टेकून कशाची वाट बघणार. असा मी दोन दिवस बसमधून गेलो आणि आलो, आणि रविवारी विहारातून परत आल्यावर, दुपारी, आबांसमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं.

मला वाटलं मारतील. तिशीच्या पुढचा बाप्या मी, पण मार खायची तयारी ठेवूनच बसलो होतो. त्यांनी विचारलं, गाईचं हाय का म्हशीचं. मी म्हणालो मला नाही कळत. ते हसले की काय मला समजलं नाही, तोंड वाकडं झालं एवढं खरं. शांताला म्हणाले पोरीच्या पोटासाठी एरंडेल आणलंय ना, ती बाटली दे, आन कोमट पाण्यात ठेव जरा. मी म्हटलं आबा, एक दिवस या मरोळला, नुसतं बघा. तर म्हणाले, मी कातड्याला शिवायचो न्हाई. बाही वर कर.

मग त्यांनी माझा हात मांडीवर घेतला, कोपरापर्यंत उघडा, आणि त्याच्यावर मला शिकवलं. आधी नुसतं ओलं फडकं, पिळून घेतलेलं, असं, साबणाचा अंश निघंस्तवर. मग सावलीत वाळू दे, उनात न्हाई. मग तेल, तळव्यावर चार थेंब, जास्त न्हाई, आन हाताच्या उबेनं जिरव, असं, एका दिशेनं. ते पितं तेवढंच पाजायचं. ओतलंस तर चिकट हुईल आन सडंल. मग कोरड्या फडक्यानं पुसून घे आन दुसऱ्या दिशी परत. त्यांचा तळवा लाकडं उचलून खरखरीत झालेला, पण तेव्हा तो असा काही फिरत होता की मला माझ्याच हाताचं नवल वाटलं, तीस वर्षांत ते काम केलं नव्हतं आणि एकदाही थांबले नाहीत. डोळे मिटलेले होते त्यांचे. झाल्यावर उठले, मोरीवर गेले आणि साबणानं हात धुतले, परत धुतले, परत धुतले, शांता माझ्याकडे बघायला लागली. येऊन म्हणाले, एवढं निस्तर आन मशीनवर जा. पुन्यांदा मला इचारू नगंस.

पाच दिवस तेच केलं मी. सावंतानं गाडी शेडच्या सावलीत लावून दिली. तिसऱ्या दिवशी सीट मऊ पडली, पाचव्या दिवशी रंग परतला, भेगा बुजल्या नाहीत पण दिसेनाशा झाल्या. शेठ आले, बसले, हात फिरवला, आणि मला बोलावून म्हणाले ही तर आली तेव्हापेक्षा चांगली झाली, कोणी शिकवलं तुला. आणि बघा, इथं मी दुसरी चूक केली. पहिली अडाणीपणानं केली, ही खुशीनं केली. आयुष्यात पहिल्यांदा मला बापाचं त्या कामाबद्दल कौतुक वाटत होतं, छातीत मावत नव्हतं, आणि मी सांगून टाकलं, माझ्या वडिलांनी शिकवलं, ते गावी कातड्याचं काम करायचे.

शेठनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. अच्छा, म्हणाले, तुम्ही ते लोक. मग बरोबर आहे. रक्तातच आहे तुझ्या.

रागानं नाही म्हणाले, प्रेमानं म्हणाले, पाठीवर थाप मारली. मी हसलोसुद्धा. घरी जाताना बसमध्ये हळूहळू चढायला लागलं ते अंगावर.

दोन महिन्यांनी लिस्ट लागली. मशीनवर तिघं घेतले, त्यातला एक माझ्यामागून आलेला, त्याला मीच आटे पाडायला दाखवलं होतं. माझं नाव वेगळ्या कागदावर, पर्मनंट, कार क्लीनर. मी शेठकडे गेलो, म्हटलं साहेब मला लेथ येतो, विचारा कुणालाही. ते म्हणाले अरे लेथवर माणसं पाहिजे तेवढी मिळतील, बंद पडलेल्या गिरण्यांतून सुटलेले रोज गेटवर उभे असतात, पण ह्या सीटला हात कुणाचा लावू मी, तुला पर्मनंट केलं ना, अजून काय पाहिजे. खरंच, अजून काय पाहिजे, शेजारीपाजारी पेढे मागायला आले होते. सोडून कुठं जाऊ, गेटवर ते उभे आहेत ना, त्यांच्यात जाऊन उभा राहू. मग शेठच्या मित्रांच्या गाड्यापण यायला लागल्या, सगळ्या परदेशी, सगळ्या कातड्याच्या. सुट्टी मागितली की म्हणायचे जा, पण आधी ती एक बघून जा. एकदा मी ठरवून सीटा तशाच सोडल्या, म्हटलं महिनाभर तेल लावायचं नाही, खराब होऊ देत, मग काढतील. दहाव्या दिवशी माझ्याच्यानं बघवेना. फडकं घेऊन बसलोच. हात ऐकत नाहीत, काय करता.

आणि आबांना काय सांगायचं. पर्मनंट झालो म्हटलं. त्यांनी विचारलं, मशीनवर ना. मी हो म्हणालो. झालं. त्या दिवसापासून मी काय करतो सांगू, सुटायच्या वेळेला लेथवर जातो, तिथं हात पुसायचा सुताचा बोळा असतो, काळ्या तेलानं भिजलेला, तो घेऊन दोन्ही हात काळे करून घेतो, म्हणजे घरी गेल्यावर एरंडेलाचा वास मारू नये. लेथवरच्या माणसानं एकदा विचारलं, अरे लोक हात पुसायला येतात, तू भरायला येतोस. मी म्हटलं सवय आहे. आबा विहारात सांगायला लागले, पोरगा मशीनवर हाय. जुनं ते कातडं-रेक्झिनचं बोलणं त्यांनी सोडून दिलं. ते त्यांनी का सोडलं हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

आता ते फारसे उठत नाहीत, दमा आहे, डम्पिंगवर कचरा जळतो त्याचा धूर आमच्या बाजूला आला की फार त्रास होतो. गेल्या जूनची गोष्ट, मी कामावरून आलो, शांता नळावर गेलेली, घरात आम्ही दोघंच. त्यांनी हाक मारली, माझा हात मागून घेतला, आणि वास घेतला नाही, नुसता अंगठ्यानं माझा तळवा चोळून बघितला, इकडून तिकडं. तळवा मऊ झालाय माझा, लेथवाल्याचा असा नसतो. म्हणाले,

पावसाळा आलाय, तेल कमी लाव, न्हाईतर सीटांना बुरशी धरंल.

मी म्हणालो, बरं. दुसरं काय म्हणणार. माझा हात त्यांनी सोडला नाही, थोडा वेळ तसाच धरून ठेवला. तेवढ्यात मुलगी शाळेतून आली, चौथीत आहे ती, हुशार आहे, दप्तरसुद्धा कापडी वापरते, आबांनी घेऊन दिलेलं. तिला त्यांनी जवळ बोलावलं आणि माझे हात तिला दाखवले, म्हणाले, बघ, तुझा बाप मशीनवर हाय. तिनं बघितले. मी तसेच पुढे धरले.

तर असं आहे. माझं आता काही नाही, चाललंय, गाड्या येतात, पुसतो, पगार वेळेवर आहे, शेठ वाईट वागत नाहीत. पोरगी शिकू दे, तिला ह्यातलं काही कळू नये, एवढंच मागणं. तुम्ही हे लिहिताय ते लिहा, पण आबा आहेत तोवर त्यांच्या कानावर नको. त्यांना सगळं माहीत आहे, तरीपण नको. बसा, कारखान्याचा चहा घेऊन जा, मला पाच वाजता लेथवर जायचंय हात भरायला.