शंभरातले बारा

हॅलो?… हॅलो, देवश्रीताई? बोल पटकन… नाई, पीएचडीच्या व्हायव्हाले अजून आत नाई बोलावलं. दहा मिनिटं आहेत. दोन्ही परीक्षक आले, चहा पिऊन राहिले… अवं, तू रडून राहिली काय? आवाज असा काहून येते?

थांब, नीट सांग. कोणती यादी?… आपली? शंभर ताऱ्यायची?… हो, तूच तर अकोल्याहून पाठवली होती. मंग?… बारा कमी पडत होते? ढग होते त्या महिन्यात, मालूम आहे मले… फोटोच नाई आले. बरं. मंग ते बारा कोठून आणले तू?

…

पुन्हा बोल एकदा. कोठून?

जोडताऱ्यायच्या यादीतून?… फोटो तयार होते म्हून?

अवं मायबाई! ताई, आपला प्रश्नच तो आहे ना! सूर्याहून लहान, थंडे, लाल तारे… त्यायच्यातल्या कितीयले जोडीदार तारा असते. अन् त्याच्यात तू जोडीदारवालेच बारा आणून घातले? पाटाजवळची, संत्र्यानं लदलेली बारा झाडं मोजायची अन् व्यापाऱ्याले म्हणायचं का सारा बगीचा असाच आहे!… नाई, ओरडून नाई राहिली मी. बरं, ओरडली. लोकं पाहून राहिले.

कवा समजलं तुले?… काल? काल दुपारी समजलं अन् आता सांगून राहिली?… हो, हो… घाबरली, समजलं. मले काय कमी भेव वाटून राहिलं आता?

थांब, हिशेब करू दे. शंभरात अडतीस म्हटलं आपण. ते बारा काढले तर… अठ्ठ्याऐंशीत सव्वीस. तीसच्या आतच आलं. ताई, जग म्हणते चारातल्या एकाले जोडीदार असते, अन् आपण छाती ठोकून म्हटलं, नाई, लय जास्त आहे. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याच्यावरच उभं आहे. तीन वर्षं गेले वं माझे!

बाबा?… आले ना. मोर्शीहून पयल्या एसटीनं आले, परीक्षकायसाठी संत्र्याचा क्रेट घेऊन. पयल्या रांगेत बसले आहेत, नवं धोतर नेसून.

काय?… हळू बोल… हो, तुले अन् मले, दोघीलेच मालूम आहे. खरंय. प्रबंध वाचून त्यायले नाई समजलं, आता काय समजते… गप राहू म्हणते तू?… हं… डिग्री तर भेटून जाईल. मंग सवडीनं दुरुस्त करू… हं.

…

आहे ना, ऐकून राहिली. राहता येईल गप. बोलायचंच तर नाई, त्याले काय लागते…

थांब एक मिनिट. काई नाई, बाबा! देवश्रीताईचा फोन आहे. तुमी बसा, मी आलीच…

दारात येऊन विचारून गेले, जेवली काय म्हून. ताई, मागच्या आंबिया बहाराची संत्री घ्यायले व्यापारी आला, तवा ह्याच माणसानं त्याले पयले वाळलेली झाडं दाखवली होती. आई किती बोलली त्यायले! अन् मी त्यायच्यापुढं उभी राहून अडतीस म्हणू?… नाई वं. नाई निघणार तोंडातून.

अवं ऐक ना… तुझं नाव नाई घेत मी. घेतच नाई! यादी तू केली, पण तपासायची मले होती. काहून नाई तपासली, सांगू? तुझ्यावर भरोसा होता म्हून, असं नाई. अडतीस आकडा आवडला होता मले… हो. खरं सांगते… नाई दिली डिग्री तर नाई दिली. पुन्हा करीन.

आली सर, आली!… ताई, बोलावलं. फोन कापू नको. टेबलावर ठेवते, चालूच. मले सोबत पाहिजे तुझी.

…

नमस्कार. मी आचल. सुरुवात करण्याआधी एक सांगायचं आहे. प्रबंधातला मुख्य आकडा चुकीचा आहे… हो सर, अडतीस टक्के. तोच. शंभरातले बारा तारे आधीच माहीत असलेल्या जोडताऱ्यांच्या यादीतून आले आहेत. ते मोजायलाच नको होते. उरलेल्या अठ्ठ्याऐंशीत सव्वीस… आत्ताच कळलं, सर. दहा मिनिटांपूर्वी.

चूक?… माझी, सर. यादी तपासायचं काम माझं होतं.

नाही, दुसरं कोणी नाही. मी एकटीच…

तो आवाज?… फोन आहे, सर. चुकून चालू… ताई, गप ना!… अकोल्याहून आहे, सर. माझी सहकारी. ती म्हणते… यादी तिनं केली, असं म्हणते.

हो, सर. करते स्पीकरवर.

बोल, ताई. सारे ऐकून राहिले.