घोडं एकटं जेवत नाही

नमस्कार मंडळी. काकू, भँवरजी, सगळेच.

एवढी माणसं बघून काकांनी आधी विचारलं असतं, "यांच्या चहाचं काय?" आज विचारणारे तेच नाहीत, म्हणून बोलणं जड जातंय. सांभाळून घ्या.

मी सुनंदा. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून जयपूरला आले आणि चाळिशीत घोड्यावर बसले. बसवलं काकांनी. तुम्ही त्यांना मेजरसाहेब म्हणता. फौजेतून निवृत्त झाल्यावर सीतापुऱ्याच्या पुढे त्यांनी तबेला काढला आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी हरणी तयार केली. आमची लाल घोडी.

काका गेल्यापासून आम्ही रोज एकच गोष्ट विचारत होतो. जेवली का? दोघींबद्दल विचारत होतो. घरी काकू, तबेल्यात हरणी. दोघींनी अन्न टाकलं होतं. काकू, सांगू ना? बरं.

काकांना धावणाऱ्या घोड्याचं कौतुक कमी. म्हणायचे, "पळतंय काय बघतेस, चावतंय कसं ते बघ." हरणीच्या कुशीला कान लावायचे, पोटात गुडगुड ऐकू आली की चेहरा खुलायचा.

तबेल्यात नव्यानव्याने कामाला आलेल्या भँवरजींना ते म्हणाले, "भँवरजी, घोडी को चंदी दे दो." आपल्याकडे चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. भँवरजींनी ऐकलं चांदी. फौजी साहेब, असेल काही पद्धत, म्हणून त्यांनी मिठाईवाल्याकडून चांदीचा वर्ख आणला आणि भिजवलेल्या हरभऱ्यावर लावून ठेवला. हसू नका भँवरजी, तुम्हीच आणलात. हरणीने घमेलं चाटूनपुसून साफ केलं. काका म्हणाले, "झालं. आता ही साधं काही खाणार नाही."

काकांचा नियम एकच होता. घोडं एकटं जेवत नाही. म्हणून शर्यतीच्या मधल्या थांब्यावर, घोड्यांच्या डॉक्टरांची तपासणी झाली की काका हरणीसमोर मांडी घालून बसायचे. तिच्यापुढे रिजका, म्हणजे आपला लसूणघास, आणि काकांपुढे भाकरी-ठेचा. दोघांची पंगत.

एकदा शर्यतीत मी हरणीवर होते आणि आम्ही पुढे होतो. सगळ्यांच्या पुढे. थांब्यावर हरणीने घासाला तोंड लावलं नाही. काका मचमच आवाज करत जेवले. तिने मान फिरवली. नाडी ठीक होती, डॉक्टर जा म्हणाले. काका उठले आणि खोगीर उतरवायला लागले.

मी म्हटलं, "काका, आपण पहिले आहोत."

"आहोत की," ते म्हणाले. "आता घरीही पहिले पोचू."

मला राग आला होता. खूप. जिंकायचं होतं मला. पण संध्याकाळी तबेल्यात तिने पहिला घास उचलला, तेव्हा हा माणूस लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होता. त्यांच्यावर कोण किती वेळ रागावणार?

आणि तीच हरणी गेले कित्येक दिवस गव्हाणीकडे पाठ करून उभी. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. भँवरजींनी सगळे उपाय केले. शेवटी काल सकाळी त्यांनी काकूंना फोन लावला. "भाभीजी, एक बार आप आ जाओ."

काकूंना घोड्यांचा वास सोसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. उभ्या संसारात त्या तबेल्यात आल्या नव्हत्या. काल दुर्गापुऱ्याच्या घरून रिक्षाने आल्या. नाकाला पदर, हातात डबा. बादली उपडी करून हरणीसमोर बसल्या.

म्हणाल्या, "हे बघ बाई, मलाही घास जात नाहीये. पण दोघींपैकी कुणीतरी सुरुवात केली पाहिजे."

आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. तोंडात घातला. गिळेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी चावत राहिल्या. आम्ही दाराशी उभे होतो. बऱ्याच वेळाने गव्हाणीकडून कुडुमकुडुम आवाज आला. हरणीने वळून चंदीच्या घमेल्यात तोंड घातलं होतं.

काकू म्हणाल्या, "सावकाश गं. ठसका लागेल." हे त्या घोडीला म्हणाल्या की स्वतःला, मला माहीत नाही.

चला, आता उभे राहू आणि दोन मिनिटं शांत राहू.

काका, दोघी जेवल्या. तुम्ही निवांत जा. आमचा नमस्कार.