बिनआवाजाचं पेन

इन्सुलिनच्या पेनातली टकटक घालवायला मेरेटेने कित्येक वर्षं घातली होती. स्वतःच्या चिडीचूप घरात कान लावून तिने ते तपासलं होतं. आज हिलेरॉडच्या औषधांच्या दुकानात नंबराची वाट बघत ती बसली होती, आणि शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या हातात तिनेच घडवलेलं नवं पेन होतं.

"बिर्टे, हे वाजतच नाही गं."

"चांगलंच आहे की. चारचौघांत टोचून घेतलं तरी कुणाला कळणार नाही."

"मलाही कळणार नाही."

"तुला कशाला कळायला हवं, प्रेबेन? सुई मला टोचायची असते."

"सकाळी आतून टक् ऐकू आलं की मी कॉफी ठेवतो."

"मी हाक मारीन ना."

"इस्टरला भांडलीस, तेव्हा आठवडाभर मारली होतीस हाक?"

"तू तरी कुठे बोलत होतास?"

"कॉफी मात्र रोज वेळेवर मिळाली."

"मिळाली. कडू होती."

"मुद्दाम केली होती."

"वाटलंच मला. चल, जुनंच मागून घेऊ. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल रे हे?"

मेरेटेने गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र हळूच कोटात सारलं.

प्रेबेन म्हणाला, "असेल कोणीतरी एकटं राहणारं."