दौलतचे उरलेले पत्र

डोंबिवली, दि. १४ डिसेंबर १९९९

मी दामाजी नाथा नाखवा, वय ६१, धंदा मासेमारी, राहणार खाडीकाठचा कोळीवाडा, डोंबिवली पश्चिम. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी आवडाबाई हिच्यासह राहतो. मुलगा दौलत, वय २६, हा गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर कल्याणच्या एका एजंटामार्फत परदेशी मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून गेला. गणपतीपासून त्याचा पत्ता नाही. एजंट म्हणतो, हा माणूस मी पाठवलाच नाही. म्हणून मुलगा बेपत्ता असल्याबाबत हा जबाब देत आहे.

दौलत ईमेलने पत्र पाठवी. आम्हा दोघांना वाचता येत नाही. स्टेशनजवळ कॉम्प्युटर क्लास चालवणारा पंढरी हा त्याचा शाळेतला मित्र. पत्र त्याच्याकडे येई. आम्ही रविवारी क्लासवर जात असू व तो पडद्यावरून वाचून दाखवी. आषाढातल्या एका पत्रात दौलतने कळवले होते की, एजंटाच्या माणसाने त्याला मध्येच एका बंदरात उतरवून दुसऱ्या बोटीवर चढवले. बोटीचे व बंदराचे नाव त्या पत्रात होते. ते मला आठवत नाही. पंढरीलाही आठवत नाही. त्या वेळी आवडाबाई सारखी म्हणत होती, "ते सोड रे, जेवायला काय देतात ते वाच." आम्ही तेवढेच ऐकले.

दोन हजार साल लागताच जुने कॉम्प्युटर बंद पडणार अशी सगळीकडे बोंब आहे. म्हणून पंढरीने गेल्या महिन्यात सगळी पत्रे फाईलींत काढून ठेवण्यासाठी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे काम एकदा लिहून द्यायचे, मग मशीन ते न विचारता करत राहते, असे तो सांगतो. प्रत्येक पत्राची एक फाईल व्हावी आणि पत्राच्या विषयाच्या जागी जे असेल तेच फाईलीचे नाव पडावे, असे त्याने लिहून दिले. आधी देवीचे नाव, मग बाकीचे, हे दौलतला लहानपणापासून मीच बजावले होते. विषयाच्या जागी तो दर वेळी 'श्री एकवीरा प्रसन्न' एवढेच लिही. नाव एकच पडल्याने प्रत्येक पत्र आधीच्या पत्रावर बसत गेले व आधीचे पुसले गेले. क्लासवर ईमेल मागवणाऱ्या इतर गिऱ्हाइकांची पत्रे नीट उतरली, ती पाहून पंढरीने मूळ पत्रे असलेले जुने मशीन कोरे करून भंगारात दिले.

शेवटचे पत्र तेवढे राहिले. त्यात 'मी बरा आहे, आईच्या पायाला तेल लावत जा' असे आहे. ते कागदावर काढून घेऊन मी एजंटाकडे गेलो. तो म्हणाला, "काका, ह्यात बोटीचं नाव कुठंय? कुठून पण लिहिलेलं असेल." याचा मला फार संताप आला.

पंढरीविरुद्ध माझी तक्रार नाही. तो माझ्यासमोर रडला. देवीवर राग धरावा तर तोही धरवत नाही. आता कोणाकडे जावे ते मला समजत नाही.

आवडाबाईला यातले काही सांगितलेले नाही. गणपतीपासून पत्र नाही म्हणून तिने अन्न टाकले होते. गेल्या रविवारी पंढरीने पडद्यासमोर बसून मनाचेच पत्र वाचले. दौलत शिमग्याला घरी येतो, असे त्याने सांगून टाकले. मी शेजारीच होतो. तिने ते कोळीवाडाभर सांगितले असून आता मला म्हणते, "अवो, पोर यायच्या आत मुलगी बघून ठेवू." उद्या आम्ही मुलगी बघायला जात आहोत. तपासासाठी कोणी घरी आल्यास खाकी कपड्यात येऊ नये, ही विनंती.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. खाली माझा अंगठा.